रिजेक्टचा व्हॉल्व्ह किती उघडा ठेवायचा? बालाघाटातल्या एका आरओ प्लँटचं प्रकरण

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेतलं एक गाव. पिण्याच्या पाण्याला आधार ग्रामपंचायतीच्या एका बोअरचा, आणि त्यावर बसवलेल्या ताशी १००० लिटरच्या आरओ प्लँटचा. आरओमध्ये पाणी पंपाच्या जोराने मेम्ब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून ढकलतात. पलीकडे शुद्ध पाणी निघतं, आणि क्षार घेऊन अलीकडे उरलेलं पाणी, म्हणजे रिजेक्ट, एका व्हॉल्व्हमधून बाहेर सोडतात. प्लँट महिला बचत गट चालवतो. वीस लिटरचे जार भरून विकतात, त्यातून वीजबिल आणि दुरुस्ती निघते. मे महिन्यात तक्रार आली की प्लँट दिवसभर चालतो पण जार होत नाहीत, आणि पाणी पुन्हा खारट लागायला लागलंय. बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवरच सांगून टाकलं: मेम्ब्रेन गेली, चारही बदला.

चार मेम्ब्रेनचा खर्च गटाला झेपणारा नव्हता. आणि कारण शोधल्याशिवाय नवी बसवली असती तर तीही त्याच वाटेने गेली असती. म्हणून आधी प्लँट नीट तपासायचं ठरलं आणि गटाने मला बोलावलं. पुढची हकिगत सविस्तर लिहितोय, कारण मराठवाड्यात आणि सोलापूर-अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यात असे प्लँट गावोगाव आहेत, आणि त्यांची दुखणी बहुतेक अशीच आहेत.

पाणी काय होतं

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग काळ्या पाषाणावर, बेसॉल्टवर आहे. या खडकातली फेल्डस्पार, पायरॉक्सिन ही खनिजं झिजतात तेव्हा पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं, आणि त्यांच्यासोबत सिलिकाही. वरच्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. शेतातला युरिया आणि गोठ्यांचं सांडपाणी यांच्यामुळे नायट्रेटची भर पडते.

ताज्या तपासणीत टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, १३०० आला. एकूण कठीणता ७६०, त्यातली कॅल्शियमची ४२०. अल्कता (मुख्यतः बायकार्बोनेट) ४१०, सल्फेट १५०, नायट्रेट ६२, सिलिका ४८. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटर. सामू ७.३. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे दुसरा स्रोत नसेल तर टीडीएस २००० पर्यंत आणि कठीणता ६०० पर्यंत चालवून घेता येते, पण नायट्रेटला ४५ च्या पुढे सवलत नाही. त्यामुळे गावाला आरओ लागतच होता. टीडीएसपेक्षा तो कठीणतेसाठी आणि नायट्रेटसाठी लागत होता.

सिलिकाचा आकडा आम्ही मुद्दाम मागून घेतला. प्लँट बसवतानाच्या अहवालात तो रकानाच नव्हता. पिणाऱ्याला सिलिकाचा त्रास नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत ती येत नाही. मेम्ब्रेनला मात्र त्रास तिचाच जास्त, आणि बेसॉल्टच्या मुलखात तिच्याशिवाय आरओचा हिशोब करणं धोक्याचं आहे.

वहीतून निघालेली हकिगत

प्लँट चालवणाऱ्या ताईंनी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती. त्यात प्लँट सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, भरलेले जार आणि टीडीएस मीटरचा आकडा असे. रोटामीटरचा, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या नळीचा, आकडा कोणी लिहिला नव्हता, पण जार भागिले तास केलं की उत्पादन निघतंच. सुरुवातीचे महिने तासाला ५० जार, म्हणजे बरोबर १००० लिटर. फेब्रुवारी अखेरपर्यंत तेच. मार्चमध्ये ४७, एप्रिलच्या मध्यावर ४०, मेमध्ये ३०. घसरण आधी हळू, मग झपाट्याने. शुद्ध पाण्याचा टीडीएस त्याच काळात ४५ वरून १६० वर गेला.

पॅनलवर त्या दिवशी शुद्ध पाण्याचा रोटामीटर मिनिटाला १० लिटर दाखवत होता आणि रिजेक्टचा जेमतेम साडेतीन. बसवताना दोन्ही साडेसोळा-साडेसोळावर ठेवले होते. पंपाचं प्रेशर तेव्हा १० किलो होतं, आता १५. मेम्ब्रेनच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमधला फरक एक किलोवरून तीन किलोवर गेला होता, तोही आतून वाहणारं पाणी निम्म्याहून कमी झालेलं असताना. मेम्ब्रेनच्या जाळीत काहीतरी घट्ट बसलंय हे त्या एका आकड्यानेच कळत होतं.

मी विचारलं, "ताई, रिजेक्टचा व्हॉल्व्ह कोणी फिरवला?"

"आम्हीच फिरवला, सर. शिमग्याच्या सुमाराला. वस्तीवर टँकर चालू झाला होता आणि इथं एक जार भरला की एक जार नालीत जायचा. लोक दारात उभे राहून बोलायचे. थोडा थोडा दाबत गेलो. पाणीही चांगलं यायचं, मग वाटलं जमलं."

त्यांचा युक्तिवाद मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. दुष्काळात डोळ्यासमोर पाणी वाहून जाताना बघवत नाही. व्हॉल्व्ह दाबल्यावर पहिले काही आठवडे सगळं खरंच छान चालतं, आणि या दुखण्याची खरी अडचण तीच आहे. शिक्षा उशिरा येते, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड कोणालाच लागत नाही. बसवणाऱ्यांनी व्हॉल्व्ह एका जागी ठेवला, पण तो तिथेच का, हे गटाला कोणी सांगितलं नव्हतं.

मेम्ब्रेन उघडल्यावर

प्लँटमध्ये चार इंच व्यासाची, चाळीस इंच लांबीची चार मेम्ब्रेन आहेत, एकापुढे एक. पाणी पहिल्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात जातं आणि शेवटी रिजेक्ट होऊन बाहेर पडतं. गाळ, लोह किंवा शेवाळ असेल तर ते सहसा पहिल्या मेम्ब्रेनवर बसतं. क्षार धरतात ते शेवटच्यावर, कारण तिथे पोहोचेपर्यंत पाणी सर्वांत दाट झालेलं असतं. म्हणून चारही बाहेर काढून, निथळवून, किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर ठेवली. पहिली दोन जवळपास सारखी. तिसरं थोडं जड. चौथं पहिल्यापेक्षा दीड किलोने जड.

शेवटच्या एंड कॅपवर, म्हणजे टोकाच्या झाकणावर, पांढरट कपच्या होत्या. एका वाटीत खरवडून त्यावर मीठआम्लाचे (हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे) थेंब टाकले तर फसफसून फेस आला: कॅल्शियम कार्बोनेट, चहाच्या पातेल्यात बसतो तोच चुना. पण फेस ओसरल्यावर वाटीच्या तळाशी करड्या रंगाचा पातळ, काचेसारखा पापुद्रा शिल्लक राहिला. आणखी आम्ल टाकलं तरी तो हलला नाही. बोटात चुरला तर बारीक वाळूसारखा करकरला. पुढे प्रयोगशाळेत त्यात मुख्यतः सिलिका निघाली. ती वाटी या प्रकरणातला सर्वांत उपयोगी पुरावा ठरली. चुना आम्लाने जातो, तर सिलिका आम्लाला दाद देत नाही आणि एकदा पक्की झाली की अल्कलीलाही फारशी देत नाही. त्यामुळे प्लँटची मर्यादा चुना ठरवतोय की सिलिका, हे आधी ठरवावं लागतं.

हिशोब

गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत जातो तसतसा तो दाट होतो आणि एका क्षणी दाणा धरतो. आरओमध्ये नेमकं तेच होतं, फरक एवढाच की इथे पाणी वाफेने न जाता मेम्ब्रेनमधून पलीकडे जातं आणि क्षार अलीकडे राहतात. शंभर लिटरमधून पन्नास शुद्ध काढले तर उरलेल्या पन्नासात क्षार दुप्पट. पंचाहत्तर काढले तर उरलेल्या पंचविसात चौपट. पन्नासवरून पंचाहत्तर ही वाढ दिसायला दीडपट, पण रिजेक्टचा दाटपणा दुपटीने वाढतो. पुढचं प्रत्येक टक्का आणखी महाग पडतं.

चुना बसेल का हे पाहायला लँगेलियरचा निर्देशांक वापरतात. अमेरिकेतले अभियंते लँगेलियर यांनी तो १९३६ मध्ये शहरांच्या नळांसाठी मांडला: नळाला आतून चुन्याचा पातळ थर धरावा की धरू नये, हा त्यांचा प्रश्न होता. निर्देशांक शून्याच्या खाली असेल तर पाणी चुना विरघळवतं, वर असेल तर सोडतं. आपल्या बोअरचा मूळ निर्देशांकच अधिक ०.६ येतो. रिजेक्टमध्ये कॅल्शियम आणि अल्कता वाढतात. शिवाय सामूही वाढतो, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेनमधून आरपार जातो आणि बायकार्बोनेट मागे राहतं. २८ अंश तापमान धरून केलेला हिशोब असा:

| शुद्ध पाण्याचा वाटा | रिजेक्टचा दाटपणा | लँगेलियर निर्देशांक | रिजेक्टमधली सिलिका |
|---|---|---|---|
| ५० टक्के | २ पट | १.५ | ९६ |
| ५५ टक्के | २.२ पट | १.६ | १०७ |
| ६० टक्के | २.५ पट | १.७५ | १२० |
| ७५ टक्के | ४ पट | २.३ | १९२ |

क्षार बसू नयेत म्हणून पाण्यात थोडं थोडं टाकायचं रसायन म्हणजे अँटिस्केलंट. फॉस्फोनेट जातीचं चांगलं अँटिस्केलंट नीट पडत असेल तर निर्देशांक दोनच्या आसपास सांभाळता येतो, काही रसायनं त्याहून वरही सांभाळतात. पण सिलिकाची विद्राव्यता या तापमानाला लिटरला साधारण १२० मिलिग्रॅम, आणि साधं फॉस्फोनेट सिलिकावर फारसं चालत नाही. त्यासाठी वेगळी, महाग रसायनं आहेत. पाण्यात लोह किंवा तुरटीचं अ‍ॅल्युमिनियम शिल्लक असेल तर सिलिका आणखी लवकर बसते. म्हणून या बोअरवर ६० टक्के ही शेवटची रेघ, आणि हिवाळ्यात पाणी गार झालं की ती आणखी अलीकडे सरकते. सल्फेट कमी असल्याने जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) धोका मात्र चौपट दाटपणालाही नव्हता.

हे आकडे सरासरी रिजेक्टचे आहेत. मेम्ब्रेनच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या थरात पाणी याहून दाट असतं, आणि वरून वाहणारा प्रवाह मंद झाला की तो थर आणखी दाटतो. चार इंची मेम्ब्रेनवरून मिनिटाला किमान अकरा-बारा लिटर रिजेक्ट वाहावं, असं उत्पादक सांगतात. इथे साडेतीन वाहत होतं. व्हॉल्व्ह दाबल्याने मेम्ब्रेनवर असा दुहेरी मार बसला: पाणी दाट झालं आणि ते धुऊन नेणारा प्रवाहही गेला.

२०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आरओ यंत्रांनी ६० टक्क्यांहून जास्त पाणी शुद्ध करून द्यावं आणि पुढे ते ७५ पर्यंत न्यावं, असा आदेश दिला होता. त्यामागची कळकळ योग्य आहे. पण असा आकडा सगळ्या पाण्यांना एकसारखा लावता येत नाही. ज्या पाण्यात सिलिका १५ आहे तिथे ७५ टक्के सहज निघतात. जिथे ४८ आहे तिथे तोच आकडा एका उन्हाळ्यात मेम्ब्रेन खातो.

अँटिस्केलंट होतं, पण पडत नव्हतं

डोसिंगची, म्हणजे हे रसायन सोडण्याची, टाकी भरलेली होती, पंपाचा दिवा लुकलुकत होता, नळी जोडलेली होती. बाहेरून सगळं ठीक. नळी टाकीतून काढून मोजपट्टीच्या नळकांड्यात बुडवली आणि अर्धा तास थांबलो. पातळी हलली नाही. नळीच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह उघडला तर जाळीवर बुळबुळीत पांढरा थर होता.

हा थर का आला, याचं उत्तर मला महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक प्लँटवर हीच गोष्ट आहे. लिटरला ३ मिलिग्रॅम डोस धरला तर तासाला दीड हजार लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम रसायन लागतं. दहा टक्क्यांचं द्रावण केलं तर तासाला ४५ मिलिलिटर. आणि प्लँटवर बसवलेला डोसिंग पंप ताशी ६ लिटरचा, बाजारात सहज मिळतो तो. इतक्या मोठ्या पंपाला ४५ मिलिलिटर नेमकं टाकताच येत नाही. म्हणून बसवणाऱ्याने द्रावण एक टक्क्याहून पातळ करायला सांगितलं. पुढे कॅन जास्त दिवस पुरावा म्हणून गटाने ते आणखी पातळ केलं. फॉस्फोनेटचं इतकं पातळ द्रावण बोअरच्या पाण्यात करून उन्हाळ्यात ठेवलं की त्यात जिवाणू वाढतात. फूट व्हॉल्व्ह त्यांनीच बुजला होता. साध्या शब्दांत, चुकीचा पंप निवडल्यामुळे रसायन पातळ करावं लागलं आणि पातळ केल्यामुळे ते पडणंच थांबलं.

जास्त टाकावं हाही उपाय नाही. अँटिस्केलंट कॅल्शियमला पाण्यातून काढत नाही. नुकत्याच जन्मलेल्या स्फटिकाच्या वाढीच्या जागा ते अडवतं आणि स्फटिकाचा आकार बिघडवतं, म्हणून शेकडो मिलिग्रॅम कठीणतेला दोन-चार मिलिग्रॅम पुरतं. भरमसाट टाकलं तर कॅल्शियम आणि फॉस्फोनेट मिळून वेगळाच थर बसू शकतो.

जे उपाय नाकारले

सॉफ्टनर (कठीणता आधीच काढून घेणारं यंत्र) लावा, असं दोघा-तिघांनी सुचवलं होतं. तासाला दीड हजार लिटर आणि ७६० कठीणता म्हणजे आठ तासांत नऊ किलो कठीणता पकडायची. ती धुऊन काढायला रोज साधारण वीस किलो मीठ, आणि ते सगळं खारट पाणी गावाच्याच जमिनीत. एवढं करून सिलिका जशीच्या तशी राहते. आम्लाचा डोस चुन्यावर चालला असता, पण शाळेशेजारच्या खोलीत मीठआम्लाचे कॅन ठेवणं मला मान्य नव्हतं. चुंबकाचे आणि इलेक्ट्रॉनिक पट्ट्याचे जे प्रकार विकले जातात, त्यांच्या भरवशावर पिण्याच्या पाण्याचा प्लँट सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

धुलाई

मिश्र थर असेल तर आधी अल्कली, मग आम्ल, हा क्रम पाळावा लागतो. आम्ल आधी गेलं तर सिलिका आणि जिवाणूंचा थर आणखी घट्ट बसू शकतो. फक्त चुनाच आहे अशी खात्री असेल तेव्हाच आम्लाने सुरुवात करावी. आम्ही कॉस्टिक सोडा आणि ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) यांचं द्रावण सामू १२ वर आणून कमी प्रेशरने फिरवलं, भिजत ठेवलं, पुन्हा फिरवलं. काम पहाटे केलं, कारण मेमध्ये दुपारी टाकीतलं पाणी चाळिशीकडे जातं आणि सामू १२ असताना ३५ अंशांच्या वर मेम्ब्रेनला इजा होते.

मग शुद्ध पाण्याने धुऊन दोन टक्के सायट्रिक आम्ल. परतीच्या नळीतून पांढुरका फेस येत होता. सामू २.३ वर सोडला की दहा मिनिटांत चारच्या वर चढायचा, म्हणजे आम्ल चुन्यात खर्ची पडत होतं. तो २.५ च्या आसपास टिकेपर्यंत आम्ल वाढवत राहिलो. शेवटी पुन्हा एकदा अल्कली.

पहिली दोन मेम्ब्रेन पूर्ण सुधारली. तिसरं बऱ्यापैकी. चौथ्यातला करडा पापुद्रा गेला नाही, ते बदलावंच लागलं. चारांऐवजी एक. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, म्हणून क्लोरीनने मेम्ब्रेन खाल्ली असावीत अशीही शंका होती. क्लोरीन अडवणारा कार्बन फिल्टर जुना झाला होता, तो भरून घेतला. पण धुतल्यावर शुद्ध पाण्याचा टीडीएस खाली आला, त्यावरून क्लोरीनची इजा मोठी नव्हती हे कळलं. क्लोरीनने भोकं पडली असती तर ती धुऊन भरली नसती.

नवी मांडणी

इथे एक गोष्ट गावाच्या फायद्याची निघाली. ४५ टीडीएसचं पाणी बऱ्याच लोकांना सपक लागत होतं, आणि इतकं खाली आणायची गरजही नव्हती. म्हणून सँड आणि कार्बन फिल्टरमधून आलेलं थोडं मूळ पाणी आरओला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळायचं ठरलं: आरओचं मिनिटाला १४.२ लिटर, मूळ २.५ लिटर. मिश्रणाचा टीडीएस २४० च्या आत, कठीणता १२५ च्या आसपास, नायट्रेट १५ च्या आत. मूळ पाण्याचा फाटा अँटिस्केलंट पडण्याच्या आधी काढला, आणि ते पाणी आरओच्या पाण्याबरोबर जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्यामधून जाईल अशी जोडणी केली. तासाला १००० लिटर तेवढेच राहिले, पण मेम्ब्रेनवरचा भार १५ टक्क्यांनी उतरला. बोअरच्या पाण्यावर एका चार इंची मेम्ब्रेनकडून तासाला अडीचशे लिटर काढणं तसंही जास्तच आहे.

मेम्ब्रेन ५५ टक्क्यांवर ठेवली, म्हणजे रिजेक्ट ११.६. शेवटच्या मेम्ब्रेनवर प्रवाह जोरात राहावा म्हणून मिनिटाला दहा लिटर रिजेक्ट पंपाच्या तोंडाशी परत फिरवलं. पंपात तेवढी ताकद होती. या फेऱ्याने बाहेर पडणाऱ्या रिजेक्टचा दाटपणा वाढत नाही, तो शुद्ध आणि टाकाऊ पाण्याच्या वाट्यावरच ठरतो. जारमागे हिशोब केला तर सुरुवातीला एका जारला २० लिटर वाया जात होतं, आता १४. व्हॉल्व्ह दाबला होता तेव्हाचे सात दिसायला सुंदर होते, पण ते मेम्ब्रेनच्या जिवावर होते. ताईंना हा हिशोब मांडून दाखवल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मग १४ चे १२ कधी होतील?" सिलिकाचं रसायन परवडलं तर, किंवा पावसाळ्यात बोअरचं पाणी पातळ झालं तर. म्हणून वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, सिलिकासह तपासणी करायची आणि व्हॉल्व्ह त्यावरून ठरवायचा असं लिहून ठेवलं.

मोठा डोसिंग पंप काढून लहान पेरिस्टाल्टिक (लवचीक नळी दाबत द्रावण पुढे ढकलणारा) पंप बसवला. द्रावण दहा टक्के, आरओच्याच पाण्यात. टाकीऐवजी पारदर्शक बरणी, तिच्यावर दर ३७० मिलिलिटरला रेघ. आठ तास प्लँट चालला की पातळी एक रेघ उतरलीच पाहिजे. पंपाचं वायरिंग असं केलं की डोसिंग बंद तर मोठा पंपही बंद. महिन्याला रसायन लागतं सव्वा किलोच्या आत.

राहिला प्रश्न विजेचा. अँटिस्केलंट स्फटिक लांबवतं, कायमचं रोखत नाही. प्लँट चालू असताना दाट पाणी मिनिटाभरात बाहेर पडतं, पण लाइट गेली की तेच पाणी मेम्ब्रेनमध्ये तासन्‌तास उभं राहतं आणि तिथेच थर धरतं. गावात लाइट दिवसातून अनेकदा जाते. छतावर ७० लिटरची वेगळी टाकी ठेवली, ती आरओच्या पाण्याने भरते. मधला सोलेनॉइड व्हॉल्व्ह वीज असताना बंद आणि वीज गेली की आपोआप उघडा, असा घेतला. लाइट गेली की ते ७० लिटर उतरून मेम्ब्रेनमधलं दाट पाणी बाहेर ढकलतात. टाकी मुद्दाम छोटी ठेवली, म्हणजे लाइट रात्रभर गेली तरी शुद्ध पाण्याचा साठा रिकामा होत नाही.

त्यानंतर

पुढचा उन्हाळा पार पडला. वहीत आता दोन्ही रोटामीटर, दोन्ही गेज, पाण्याचं तापमान आणि बरणीची रेघ हे रकाने आहेत. तापमान लागतंच, कारण एक अंश फरकाला उत्पादन साधारण तीन टक्के बदलतं आणि जानेवारीतली घट उगाच क्षारांच्या माथी मारली जाते. तापमान जमेस धरून उत्पादन दहा टक्के घटलं किंवा गेजमधला फरक पंधरा टक्के वाढला की धुवायचं, वाट पाहायची नाही, असं ठरलं आहे. अजून तशी वेळ आलेली नाही. मध्ये एकदा पेरिस्टाल्टिकची नळी चिरली. संध्याकाळी रेघ उतरली नव्हती, ताईंनी सकाळी प्लँट सुरूच केला नाही, नळी बदलून मग सुरू केला.

रिजेक्टचं काम अर्धवट आहे. ते पाणी आधी ज्या शोषखड्ड्यात जायचं तो बोअरपासून पाच-सहा पावलांवर होता. बसवतानाच्या अहवालात कठीणता ६४० होती, या खेपेला ७६०. एवढी वाढ खड्ड्यामुळेच झाली असं सिद्ध करता येणार नाही, सलग कमी पावसाचाही वाटा असेल. तरी काढलेले क्षार त्याच बोअरच्या तोंडाशी मुरवणं थांबवायलाच हवं होतं. आता ते पाणी टाकीत साठवून शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या शौचालयांना जातं, काही रस्त्यावर मारायला. त्यात नायट्रेट १३० च्या पुढे आहे, म्हणून जनावरांना पाजायचं नाही असं टाकीवर रंगवून घेतलंय. उरलेल्यासाठी ओढ्याच्या खालच्या अंगाला, बोअरपासून लांब खड्डा घ्यायचाय. जागा बघून झाली आहे, ग्रामसभेची मंजुरी बाकी आहे.